गाडी विलायती, ऊन वर्ध्याचं

व्हॅनिला आइस्क्रीमचं वावडं असलेल्या गाडीची गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांच्या इनबॉक्समधून कधी ना कधी फिरून गेली असेल. नसेल तर थोडक्यात सांगतो. अमेरिकेतला एक गृहस्थ रोज रात्री जेवण झालं की गाडी काढून आइस्क्रीम आणायला जायचा. व्हॅनिला घेतलं की परत निघताना गाडी चालू व्हायची नाही, दुसरा कुठलाही फ्लेवर घेतला की एका झटक्यात चालू! त्याने कार कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीने आधी हसून सोडून दिलं, मग एक इंजिनिअर पाठवला. त्याने काही रात्री नीट नोंदी ठेवल्या तेव्हा कळलं, की व्हॅनिला सगळ्यात जास्त खपतं म्हणून दुकानदाराने ते दारातच ठेवलं होतं. ते घ्यायला दोन मिनिटं, बाकीचे फ्लेवर घ्यायला दहा. दोन मिनिटांत इंजिन निवायचं नाही आणि पेट्रोलच्या नळीत वाफ अडकून राहायची.

गोष्ट खरी असल्याचा काही पुरावा नाही. बहुधा कुणीतरी रचलेलीच असावी. पण तिच्यातला बिघाड मात्र शंभर टक्के खरा आहे. त्याला वेपर लॉक म्हणतात, आणि तो बघायला अमेरिकेला जायची गरज नाही. मे महिन्यात आमच्या वर्ध्याला या.

मी मूळचा वर्ध्याचा. पोटासाठी पुण्यात कोड लिहितो, म्हणजे खरं तर दिवसातला अर्धा वेळ दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधतो. त्यामुळे बिघाड कसे शोधतात या विषयाचं मला पहिल्यापासून वेड. आजचा लेख त्याच विषयावर, पण कॉम्प्युटरऐवजी बाहेरच्या देशांतून आलेल्या गाड्यांबद्दल. कारण गेल्या शंभर वर्षांचा या गाड्यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पट्टा तुटला, टायर फुटला, असले बिघाड जगात कुठेही सारखेच असतात. डोकं खाणारे बिघाड वेगळे. त्यांत प्रत्येक पार्ट सुटा तपासला तर चांगला निघतो आणि तरी गाडी बंद पडते. गाडी बनवणाऱ्याने एक हवामान, एक इंधन, एक रस्ता आणि एक दुरुस्ती करणारा माणूस मनात धरलेला असतो. गाडी दुसरीकडे नेली की यातलं काहीतरी बदलतं, आणि बिघाड नेमका तिथे घर करतो. आमच्या भाषेत सांगायचं तर 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' :)

सुरुवात १९३० च्या दशकातल्या वर्ध्यापासून करू. गांधीजी १९३३ साली वर्ध्याला आले. ३० एप्रिल १९३६ ला ते वर्ध्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या शेगावला राहायला गेले. (हे गजानन महाराजांचं शेगाव नव्हे. दोन शेगावांमुळे टपालाचा गोंधळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये या गावाचं सेवाग्राम झालं.) त्यांना वर्ध्याला आणण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते जमनालाल बजाज. कापसाचे मोठे व्यापारी, घरात मोटारी. आता वर्ध्याची जमीन म्हणजे काळी कापसाची माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात नुसता चिकट गाळ, चप्पल सोडून पाय वर येतो.

त्या दिवसांची एक गोष्ट वर्ध्यात अजून सांगतात. जमनालालजींकडच्या एका जुन्या फोर्ड गाडीला चक्क बैल जुंपले होते. बैल म्हणजे ऑक्स आणि गाडी फोर्ड, म्हणून तिचं नाव पडलं 'ऑक्सफर्ड'! सेवाग्रामच्या आठवणींमध्ये हा विनोद हमखास येतो आणि आपण हसून पुढे जातो.

पण जरा थांबून बघा. त्याच दशकात कॅनडात अगदी हेच चाललं होतं. जागतिक मंदीत शेतकऱ्यांना पेट्रोल परवडेना, तेव्हा त्यांनी गाड्यांची इंजिनं काढून टाकली आणि पुढे घोडे जुंपले. तेव्हाचे पंतप्रधान आर. बी. बेनेट, म्हणून त्या गाड्यांना लोक चिडून 'बेनेट बग्गी' म्हणायचे. अमेरिकेत तोच प्रकार राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून 'हूव्हर वॅगन' म्हणून प्रसिद्ध होता. म्हणजे वर्ध्यात जे झालं तो काही मागासलेपणा नव्हता. मोटारीची चाकं, स्प्रिंगा, गाद्या, छत हे सगळं उत्तमच असतं. अडतं ते इंजिनाशी, कारण त्याचं खाणं, त्याचे पार्ट आणि त्याची विद्या हे सगळं दुरून यावं लागतं. बैलाचं खाणं वावरातच उगवतं आणि त्याच्या दुखण्याची माहिती असलेला माणूस प्रत्येक गावात असतो.

योगायोग असा, की भारतात येणाऱ्या फोर्ड गाड्यांचं नातंही कॅनडाशीच होतं. ब्रिटन सोडून बाकी ब्रिटिश साम्राज्यात फोर्ड विकण्याचे हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होते. १९२६ मध्ये तिनेच फोर्ड मोटर कंपनी ऑफ इंडिया काढली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना सुरू केला. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यायचे, इथे जोडले जायचे आणि देशभर विकले जायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारने 'नुसती जोडणी नको, इथे बनवा' असं धोरण धरल्यावर १९५३-५४ च्या सुमारास दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

वर्ध्याला गाडी पोचणं फारसं कठीण नव्हतं. मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास या रेल्वेमार्गांच्या नकाशावर वर्धा अगदी मोक्याच्या जागी. कठीण होतं ते त्या गाडीला समजून घेणारा माणूस पोचणं.

फोर्डचं मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी गाड्या बनल्या. कुणालाही दुरुस्त करता यावी अशीच तिची रचना होती. पाण्याला पंप नाही, गरम पाणी आपोआप वर चढतं आणि रेडिएटरमध्ये निवून खाली येतं. पेट्रोललाही पंप नाही, टाकी सीटखाली, तिथून ते आपल्या वजनानं कार्बोरेटरमध्ये उतरतं. म्हणून टाकीत पेट्रोल कमी असताना खडा चढ लागला की टाकी खाली आणि कार्बोरेटर वर, इंजिन बंद! उपाय? गाडी वळवायची आणि रिव्हर्स गिअरमध्ये उलटी चढवायची. हे वाचून मला पहिल्यांदा थट्टाच वाटली होती, पण तेव्हाचे ड्रायव्हर खरंच हे करायचे.

ठिणगीसाठी तिच्यात चार सिलिंडरला चार कॉइल असायच्या, एका लाकडी पेटीत ठेवलेल्या. प्रत्येक कॉइलवर एक लवचीक पट्टी, ती माशीसारखी गुणगुणत थरथरायची. इंजिन मिसिंग करायला लागलं तर नेमका कुठला सिलिंडर मेलाय हे शोधायची पद्धत फार सुंदर होती. इंजिन चालू ठेवायचं आणि पट्ट्या बोटाने दाबून धरत जायचं. पट्टी दाबली की त्या सिलिंडरची ठिणगी बंद. दाबल्यावर आवाज बिघडला, तर तो सिलिंडर काम करत होता. दाबूनही आवाजात काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला. कोडमधली एकेक ओळ कॉमेंट करून बघणारी आपली जमात यापेक्षा वेगळं काय करते?

आता त्या लाकडी पेटीचा विचार करा. वर्ध्याला वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. लाकूड ओल धरतं. हजारो व्होल्टच्या विजेला ओलं लाकूड म्हणजे आयती पायवाट. ती प्लगकडे जाण्याऐवजी लाकडातूनच निसटते. कॉइल काढून तपासा, ठणठणीत. प्लग तपासा, ठणठणीत. वायर तपासा, तीही ठीक. पेटी उन्हात दोन दिवस वाळवा, गाडी बरी! आणि पुढच्या झडीला पुन्हा तेच. पार्ट बदलत बसणाऱ्याला हा बिघाड कधीच सापडणार नाही, कारण बिघडलेला 'पार्ट' म्हणजे हवा आहे.

पुढे गाड्या सुधारल्या. टाकी मागे गेली, मग पेट्रोल पुढे आणायचं कसं? आधी इंजिनाच्या ओढीनं (व्हॅक्यूमनं) ते एका छोट्या डब्यात खेचायचे. लांब चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती ओढच कमी पडायची आणि डबा रिकामा. १९२० च्या दशकाच्या शेवटी इंजिनावरच बसवलेला पडद्याचा पंप आला. आपल्याकडचे जुने मेस्त्री त्याला 'एसी पंप' म्हणतात. एअर कंडिशनरशी त्याचा काही संबंध नाही. हा पंप बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या शाखेचं नाव 'एसी', म्हणजे आल्बर्ट शँपियन या फ्रेंच गृहस्थाची आद्याक्षरं. तो माणूस आधी सायकल रेसर होता, मग स्पार्क प्लग बनवायला लागला. त्याचं नाव विदर्भातल्या गॅरेजमध्ये रोज घेतलं जात होतं आणि कुणालाही पत्ता नव्हता.

आणि या पंपाबरोबर वर्ध्यात वेपर लॉक आला.

पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नाही, शेकडो घटकांचं मिश्रण आहे. त्यातले सगळ्यात हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. थंड देशात हे चांगलंच, त्यामुळे तर सकाळी इंजिन पटकन पेट घेतं. वर्ध्यात मे महिन्यात सावलीतलंच तापमान ४५ च्या वर जातं. त्यात हा पंप तापलेल्या इंजिनाला चिकटून बसलेला. त्यात तो टाकीतून पेट्रोल ओढतो, आणि ओढ म्हणजे कमी दाब, कमी दाबात द्रव आणखी लवकर उकळतो. सगळ्या गोष्टी एकाच बाजूने! नळीत वाफेचा फुगा तयार झाला की पंपाचा पडदा नुसता तो फुगा दाबत आणि सोडत बसतो. पेट्रोल पुढे सरकत नाही.

गंमत म्हणजे चालत्या गाडीत हे कमी होतं आणि थांबलेल्या गाडीत जास्त. गाडी चालू असते तेव्हा पंखा फिरतो, वारा लागतो, ताजं पेट्रोल वाहत असतं. चहाला थांबलात की पंखा बंद, पाणी फिरणं बंद, आणि इंजिनाच्या लोखंडात साठलेली उष्णता बाहेर पडून आजूबाजूचं सगळं आणखी तापवते. त्यामुळे थांबल्यावर दहा मिनिटं पंप चालतानापेक्षाही गरम. तासाभराने सगळं निवतं आणि गाडी काहीच न घडल्यासारखी चालू होते. मेस्त्री येईपर्यंत रोगी बरा! आपल्याकडे कस्टमरचा फोन येतो, आपण लॉगइन करतो आणि सगळं व्यवस्थित चाललेलं असतं, तसंच.

पण खरा घोळ पुढे आहे. 'गरम झाली की बंद, निवली की चालू' हेच लक्षण दुसऱ्या एका रोगाचंही आहे. इग्निशन कॉइलच्या आतली तार किंवा तिचं इन्सुलेशन कमकुवत झालं असेल, तर तापल्यावर ती दगा देते आणि निवल्यावर जुळते. कंडेन्सरही तसाच वागतो. म्हणजे एक रोग पेट्रोलचा, एक विजेचा, आणि बाहेरून दोन्ही सारखेच. चुकीचा अंदाज केला की नवी कॉइल, नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, आणि पुढच्या दुपारी गाडी पुन्हा रस्त्याच्या कडेला.

मी लहान असताना ओळखीतल्या एकांकडे अशी एक जुनी विलायती गाडी होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. मालक वैतागून कॉइल बदलायला निघाले होते. मेस्त्री म्हणाला, "थांबा जी, घाई काहून करता? आधी तिले इचारून तर पाहू." मग त्याने जे केलं ते मी पुढे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इतकं स्वच्छ कुठे पाहिलं नाही. प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून चार-पाच मिलिमीटरवर धरलं आणि मालकांना सेल्फ मारायला सांगितलं. निळी, कडक ठिणगी. म्हणजे वीज येतेय. तरी त्याने घाई केली नाही. एक फडकं पाण्यात भिजवून फक्त कॉइलवर ठेवलं, पाच मिनिटं थांबला, सेल्फ मारला. नाही. मग तेच फडकं पुन्हा भिजवून फक्त पंपावर ठेवलं. पाच मिनिटं. सेल्फ. गाडी चालू!

एक ओलं फडकं आणि दोन जागा. एका वेळी एकच बदल. फडक्याने रोग ओळखला आणि उपचारही झाला. नंतर त्याने पंप आणि इंजिनाच्या मध्ये जाड पॅकिंग घातलं, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब वळवली आणि तिला सुतळी गुंडाळून दिली. सुतळी ओली केली की माठासारखी थंड राहते. कंपनीच्या पुस्तकात हे काही नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावी पंप इतका तापतच नसणार.

मधे एक काळ असा आला, की गृहीत धरलेलं इंधनच नाहीसं झालं. दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये भारतात पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं आणि देशात बऱ्याच लॉऱ्या, बस आणि मोटारी लाकडी कोळशाच्या गॅसवर चालवायची वेळ आली. मागे किंवा बाजूला एक मोठी भट्टी, तिच्यात कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा आणि तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड व थोडा हायड्रोजन इंजिनात सोडायचा. या गॅसमध्ये निम्म्याच्या आसपास न जळणारा नायट्रोजनच असतो, त्यामुळे ताकद साधारण एक-तृतीयांशाने कमी. चालू करायला खटपट, आणि जोडणीतून गॅस गळला तर जिवाशी गाठ, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मेस्त्र्याच्या दृष्टीने बघा. गाडी ओढत नाही, तर आता काय तपासायचं? प्लग, पॉइंट, कार्बोरेटर हे सगळं शिकलेलं बाजूला ठेवून त्याला आधी कोळशाच्या पोत्यात हात घालावा लागे. कोळसा ओला आहे का? नीट जळून झालेला आहे की अर्धवट लाकूडच आहे? अर्धवट असेल तर डांबर सुटणार आणि व्हॉल्व्ह चिकटणार. गाळणीत राख किती? इंजिनाचा बिघाड कोळसा पाडणाऱ्याकडे जाऊन शोधायचा! बिघाडाची हद्द बॉनेटपाशी संपत नाही, हे त्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नसेल.

इथे एक आडवळण घेतो, पण ते विषयाला सोडून नाही. त्याच सुमाराची एक स्पर्धा आहे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने (ज्याचं काम पुढे सेवाग्रामहून चाललं) सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख! त्याच्या अटी आजच्या कुठल्याही प्रॉडक्ट मॅनेजरने वाचाव्यात अशा आहेत. यंत्र दीडशे रुपयांच्या आत बनावं. बाईला फार न दमता आठ तास चालवता यावं. वेळच्या वेळी देखभाल केली तर किमान वीस वर्षं टिकावं. आणि देखभालीचा वर्षाचा खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. किर्लोस्करवाडीत तयार झालेलं एक यंत्रही या स्पर्धेसाठी गेलं होतं. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही.

गांधीजी यंत्रांच्या विरोधात होते, असं आपण शाळेत एका ओळीत शिकतो. प्रत्यक्षात शिवणयंत्राचं त्यांना कौतुक होतं आणि मोटारीत ते बसतही. या अटी वाचल्यावर वेगळंच दिसतं. यंत्र किती वेगाने काम करतं याच्या बरोबरीने ते बिघडल्यावर काय होणार हा प्रश्न तिथे पहिल्याच कागदावर विचारलेला आहे. कोण दुरुस्त करणार, कितीत, आणि त्याला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार? मोटारींच्या जगात हा प्रश्न गिऱ्हाईक गाडी घेऊन घरी गेल्यावर सुरू होतो.

आता आपल्या काळात येऊ. १९९१ नंतर बाजार उघडला, हळूहळू परदेशी गाड्या पुन्हा दिसायला लागल्या. कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी सेन्सर आणि कॉम्प्युटर आला. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला ठरावीक पद्धतीचं ओबीडी-२ सॉकेट सक्तीचं झालं, भारतात ते बीएस-४ बरोबर २०१० ते २०१३ मध्ये टप्प्याटप्प्याने आलं. स्कॅनर लावा, कोड वाचा. लोकांना वाटलं, चला, आता गाडी स्वतःच सांगणार काय बिघडलंय.

गाडी सांगते, पण काय सांगते ते नीट ऐकायला हवं. 'पी ०४२०' हा कोड घ्या. त्याचा अर्थ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अपेक्षेपेक्षा कमी काम करतोय. त्याचा अर्थ 'कन्व्हर्टर बदला' असा नाही! कोड म्हणजे कॉम्प्युटरला गडबड जिथे दिसली ती जागा. गडबड जिथे सुरू झाली ती जागा दुसरीच असू शकते. एक्सेप्शन ज्या ओळीवर फुटलं त्याच ओळीत बग आहे असं मानणारा ज्युनिअर आणि कोड वाचून पार्ट बदलणारा मेकॅनिक, दोघे सख्खे भाऊ.

आणि इथे पुन्हा वर्धा येतं. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ इंधन आलं ते आधी फक्त १३ शहरांत. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर. विदर्भातलं एकही शहर त्यात नव्हतं. सगळा देश बीएस-४ वर आला एप्रिल २०१७ मध्ये. बीएस-४ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भाग, आधीच्या बीएस-३ मध्ये ३५०. पेट्रोलमध्ये ५० आणि १५०. हा गंधक कन्व्हर्टरमधल्या मौल्यवान धातूवर बसतो आणि त्याची ताकद कमी करतो. म्हणजे युरोपच्या स्वच्छ इंधनासाठी बनवलेली गाडी मुंबईत घेतली, मुंबईत चालवली, काही तक्रार नाही. तीच गाडी वर्ध्यात चार टाक्या पेट्रोलवर चालली की दिवा लागण्याची शक्यता वाढते. बरं, हा परिणाम काही अंशी उलटवताही येतो. स्वच्छ इंधनावर गाडी जोरात, गरम चालली की गंधक बराचसा निघून जातो. म्हणजे गाडी हायवेने मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला पोचेपर्यंत पुन्हा 'नो प्रॉब्लेम फाउंड'. पेटी उन्हात वाळली तसंच हे. ऐंशी वर्षांत नुसती नावं बदलली.

एप्रिल २०२० पासून सगळीकडे बीएस-६ इंधन आहे, गंधक १० भागांवर आलं, तो प्रश्न बऱ्यापैकी मिटला. तोवर इथेनॉल आलं. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत पोचलं. त्यासाठी बनवलेल्या नव्या गाड्यांचं ठीक आहे. पण जपून ठेवलेली जुनी आयात गाडी असेल तर लक्षात घ्या, इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं किंवा चिरा पाडतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं, आणि हवेतलं पाणी शोषतं. लक्षणं सगळी एकच, पेट्रोल येत नाही. पंप बदलायच्या आधी फिल्टर कापून बघा. पंपाच्या आधीच्या नळीतून हवा ओढली जातेय का बघा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा, खाली पाण्याचा थर दिसतो का बघा. बाटली फुकट आहे, पंप नाही.

पण आज मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. त्या मेस्त्र्याला गाडीला 'इचारायला' कुणाची परवानगी लागली नव्हती. बॉनेट उघडलं, फडकं ठेवलं. आजच्या आयात गाडीत ओबीडीचे सामान्य कोड कुठलाही स्कॅनर वाचतो, पण गिअरबॉक्स, एअरबॅग, चावी ओळखणारी यंत्रणा यांचे बरेचसे कोड कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरशिवाय दिसत नाहीत. काही गाड्यांत तर पार्ट अस्सल असला तरी कंपनीच्या सर्व्हरने त्याला 'ओळखल्याशिवाय' तो काम करत नाही. वर्ध्याच्या गॅरेजवाल्याकडे बुद्धी आहे, अनुभव आहे, लॉगिन नाही. मग गाडी टोइंगवर नागपूरला, नाही तर मुंबईला.

यावर जगात भांडणं झाली आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मतदान घेऊन गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टल सुरू केलं. त्याच्या चार क्षेत्रांत मोटारीही आहेत. पण पोर्टलवर माहितीपुस्तक असणं आणि गावातल्या मेस्त्र्याच्या लॅपटॉपवर गाडी उघडणं यात बरंच अंतर आहे. चरखा संघाने जो प्रश्न पहिल्या कागदावर विचारला, तो आपण गाडी घेताना शोरूममध्ये विचारतो का? मायलेज विचारतो, सनरूफ विचारतो. 'ही माझ्या गावात कोण उघडू शकेल?' हे विचारणारा गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिला नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले यात नुसते प्रेक्षक नाही, हे मुद्दाम सांगतो. ती कुलपं लावणारा कोड आपल्यातलाच कुणीतरी लिहितो, बऱ्याचदा पुण्यात किंवा बंगळूरात बसून. चोरी थांबवायला काही कुलपं लागतात, मान्य. पण पुढच्या वेळी स्पेसिफिकेशनमध्ये 'अधिकृत टूल नसेल तर एरर दाखवू नका' असं वाक्य आलं, तर मीटिंगमध्ये हात वर करून विचारायला काय हरकत आहे, की मग बिघाड शोधणाऱ्याने शोधायचा कसा?

आणि तोवर, तुमची गाडी (कुठल्याही देशातली असो) असं विचित्र वागायला लागली तर मेस्त्र्याकडे जाताना 'कॉइल गेली वाटतं' असं निदान घेऊन जाऊ नका. एका कागदावर लिहून न्या: कधी बंद पडली, किती वेळ चालून, किती वेळ थांबून, ऊन होतं की पाऊस, पेट्रोल कुठे भरलं होतं, आणि त्याआधी गाडीत काय बदललं होतं. चांगला मेस्त्री हा कागद दोनदा वाचेल. न वाचताच जो पार्ट बदलायला घेईल, त्याला चहाचे पैसे द्या आणि दुसरा शोधा.

असो. फार लांबलं. वर्ध्यात कुणी जुन्या मेस्त्र्यांच्या अशा युक्त्या लिहून ठेवल्या असतील तर मला जरूर कळवा. ती माणसं आता थकत चालली आहेत, आणि त्यांनी शोधलेलं बहुतेक सगळं कागदावर कुठेच नाही.